शेजारच्या सीटवरून

६ एप्रिल

ही वही लेकीने दिली. म्हणाली, "आई, दोन महिने तिथे तुझं ऐकायला कुणी नसेल, तेव्हा हिला सांग." वर पेनंही दिली, एक संपलं तर दुसरं असावं म्हणून. मी बोलते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ह्यांनी कानात कापूस घातला आणि कान दुखतोय असं सांगितलं. पुढे इतकी वर्षं तो कान अधूनमधून दुखतच राहिला.

तर आम्ही निघालो. ट्रेलरवर दोन हार्वेस्टर, धान्य वाहायला एक ट्रक, राहायला चाकांवरची खोली (तिला सगळे "बंगला" म्हणतात, आत उभं राहिलं की छत डोक्याला लागतं), आणि सगळ्यांच्या पुढे लाल झेंडा लावलेली छोटी गाडी. ती मी चालवतेय. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांचा गहू आम्ही कापून, मळून देतो आणि पुढच्या गावाला जातो. गहू जसजसा पिकत वर उत्तरेकडे सरकतो तसतशी आमची टोळी त्याच्या मागे.

दरवर्षी ह्यांच्याबरोबर मोठे दीर असायचे. गेल्या वर्षी ते थकले. आता दारात खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे चाललात विचारतात. निघताना हे त्यांच्या पाया पडले आणि गाडीत बसल्यावर म्हणाले, "मी त्या खुर्चीत बसणार नाही. माझी सीट मशीनमध्ये. ती सुटली की मी संपलो."

मला स्वतःहून चल म्हणाले, हे लिहायचं राहिलंच. मी विचारलं, "स्वयंपाकाला का?" तर म्हणाले, "स्वयंपाक कुणीही करेल. तू माझ्या शेजारच्या सीटवर बस आणि बोलत राहा." मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "आणि तो पिवळा रुमाल बांधत जा डोक्याला. उठून दिसतो."

ह्या वयात! मी तसले तीन रुमाल घेतले.

१० एप्रिल

पहिलं शेत. सकाळी काम सुरू होत नाही, गव्हावर दव असतं. ओला गहू मशीनमध्ये गेला की त्याचा लगदा होतो. दव सुकेपर्यंत सगळे चहाचे पेले घेऊन उन्हाची वाट बघतात आणि मी वही काढते.

टोळी मोठी नाही. ट्रकवाला कायम ट्रकमध्ये असतो, त्यामुळे त्याची मला फक्त पाठ माहीत आहे. पुतण्या, म्हणजे दिरांचा मुलगा, मागचं मशीन चालवतो. अंगाने बारीक आणि मतांनी जाड. त्याला पुढचं मशीन हवंय, कारण शेतातली पहिली रांग पुढचं मशीन पाडतं आणि बाकीच्या तिच्या कडेने जातात. ती आजवर ह्यांनीच पाडली आहे. तिसरा आमचा मिस्त्री. जेवतानाही खिशात पाना असतो म्हणून त्याचं नावच "पाना" पडलंय. तो बोलत नाही. काहीही विचारा, "बघू, वहिनी."

यंदा ह्या पानाने पुढच्या केबिनमध्ये रंगकाम केलंय. प्रत्येक दांड्याची मूठ वेगळ्या भडक रंगाची, लाल, पांढरी, हिरवी. मी विचारलं, "हे कशाला?"

"शोभेला," तो म्हणाला आणि लगबगीने मशीनखाली शिरला. त्याच्यात इतकी रसिकता असेल असं मला वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल

मला हे दिवस संपू नयेत असं वाटतंय. लिहिते, कारण कुणाला सांगायची लाज वाटते.

केबिनमध्ये आम्ही दोघंच असतो. खाली कटर गहू आत ओढत असतो आणि हे मला विचारतात, "काय दिसतंय?"

"समोर गहू."

"कुठपर्यंत?"

"त्या मोठ्या झाडापर्यंत."

"झाडाच्या अलीकडे काही?"

"एक दगड आहे, टोपलीएवढा. आणि कुत्रं बसलंय. आता उठलं. आता परत बसलं."

मग मशीन थांबतं, पाना येऊन दगड उचलतो, कुत्रं स्वतःच जातं आणि आम्ही पुढे. गहू कुठे आडवा पडलाय का, कोपरा किती जवळ आला, डिझेलचा काटा काय म्हणतोय, सगळं मलाच विचारतात. मी म्हटलं, "माझी शिकवणी घेताय का?" तर गालात हसले. घरी मी भाजीवाल्याची गोष्ट सुरू केली की हे उठून अंगणात जायचे. इथे मी जरा गप्प बसले की म्हणतात, "बोल की. झोपलीस का?"

आणि केवढे खेळकर झालेत! दुपारी एका शेताच्या कडेला मशीन थांबवून ह्यांनी हात वर केला आणि ओरडले, "काय पाहुणे, बरं आहे ना?" पाहुणे म्हणजे बुजगावणं. मी हसून हसून बेजार झाले. हेही हसले, पण माझ्यानंतर.

१९ एप्रिल

मुक्काम हलवला. रस्त्यावर हे कुठलीच गाडी चालवत नाहीत, गुडघा दुखतो म्हणतात. शेतात मात्र तोच गुडघा दिवसभर गप्प असतो. मोकळ्या हवेचा गुण असेल.

लेकीचा फोन आला. "बाबा हल्ली माझे मेसेज वाचत नाहीत." मी म्हटलं, अगं, त्यांना वेळ कुठे, सारखे माझ्याशी बोलत असतात. "बाबा? तुझ्याशी?" ती म्हणाली. तिला नवल वाटलं असणार.

दाढी करताना हे डाव्या गालावर एक पट्टा तसाच ठेवतात. मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग सोडून दिलं, हंगामात माणूस जरा बेफिकीर होतोच.

२४ एप्रिल

आज मी हार्वेस्टर चालवला!

शेत मोकळं होतं, दगड नाही, झाड नाही. हे म्हणाले, "बस इथे, मी चहा पितो." मुठींचे रंग मला पाठच आहेत. पांढरी पुढे की मशीन चालतं, लाल खाली की कटर खाली. एक अख्खी रांग मी कापली. खाली उतरून पाहिलं तर ती इतकी वाकडी होती की पुतण्या म्हणाला, "काकू, साप गेलाय का इथून?"

जेवताना त्यानेच विषय काढला. "काका, पुढच्या वर्षी तुम्ही घरी बसून फोन सांभाळा. कामं ठरवायची, पोरं पाठवायची. पुढचं मशीन मी बघतो."

ह्यांनी ताटातलं संपवलं, हात धुतले आणि मशीनपाशी जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. एका हाताने मशीनचा पत्रा चाचपत होते. म्हणाले, "शेवटच्या गावच्या त्या वीतवाल्यांचं काम नीट उरकलं की मग कुणी काही बोलणार नाही."

मला पुतण्याचा राग आला. पन्नाशी उलटली म्हणून काय माणूस मोडीत निघतो?

१ मे

पोचलो वीतवाल्यांकडे. हंगामातलं सगळ्यात मोठं काम, आणि शेवटचं. टोळीने ह्या गृहस्थांना हे नाव ठेवलं कारण ते मशीनच्या मागून चालत येतात आणि उरलेल्या बुडख्यांची उंची वीत लावून मोजतात. भुसा फुंकून सांडलेले दाणे बघतात. गेल्या वर्षी एक रांग वाकडी आली तेव्हा म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर दुसरी टोळी बघू. त्यांचं काम गेलं तर हंगामाला अर्थ नाही आणि ते कुणामुळे गेलं हे पुतण्या जन्मभर सांगेल. हे सगळं ह्यांनी मला गाडीत सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "तू फक्त बोलत राहा."

मी म्हटलं, त्याची काळजी तुम्ही करू नका.

३ मे

बोलणार नाही. आज जे पाहिलं त्यानंतर मी ह्या माणसाशी एक शब्द बोलणार नाही.

दुपारी ट्रकबरोबर वजनकाट्यावर गेलो होतो. मी गाडी सावलीत लावत होते. हे पुढे गेले. तिथे काट्यावर पावत्या फाडणारी एक बाई उभी होती, डोक्याला पिवळा रुमाल. हे सरळ तिच्याकडे गेले, तिचा कोपर धरला आणि लाडाने म्हणाले, "चल गं, भूक लागली. आज बडबड नाही का?"

मी गाडीतून ऐकलं. काच खाली होती.

ती बाई आधी दचकली आणि मग खळखळून हसली. हे कोपर सोडून दोन पावलं मागे आले आणि भलत्याच दिशेला बघून "माफ करा" म्हणाले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, काय होतं ते? म्हणाले, "मला वाटलं तू आहेस."

मी आहे! ती माझ्या निम्म्या वयाची, माझ्याहून हातभर उंच, आणि अंगाने माझ्यातली अर्धी वजा करावी इतकी बारीक. बायकोला ही सबब सांगतात! निदान जरा डोकं लावून खोटं बोलायचं. म्हणजे पिवळा रुमाल ह्यांना माझ्यावर आवडत नाही, पिवळा रुमाल ह्यांना कुणावरही आवडतो.

तिन्ही रुमाल पिशवीच्या तळाशी टाकले आहेत. उद्यापासून अबोला.

४ मे

अक्षर वेडंवाकडं येईल, पण आत्ताच लिहिते.

सकाळी वीतवाल्यांनी घराच्या पायरीवरून हात करून हद्द दाखवली. त्यांचं शेत आणि शेजारचं शेत यांच्यामध्ये बांध नाही, दोन्हीकडे गहूच. हद्दीवर काठ्या रोवून पांढऱ्या चिंध्या बांधल्या होत्या. "त्या चिंध्यांच्या अलीकडे आपलं. दिसल्या ना?"

"दिसल्या, दिसल्या," हे म्हणाले.

मी शेजारच्या सीटवर बसले, कारण बसले नसते तर पुतण्याने विचारलं असतं. पण ओठ शिवल्यासारखे मिटून. मशीन निघालं. "काय दिसतंय?" मी खिडकीबाहेर बघितलं. "अगं, काय दिसतंय?" मी नखं बघितली. "चिंध्या अजून लांब आहेत ना?" परक्या बायका बरोबर ओळखू येतात, मग चिंध्या ओळखायला काय झालं, असं जिभेवर आलं होतं. पण अबोला तो अबोला. मला वाटलं, मला बोलतं करायला हे काहीबाही विचारताहेत. मनातून जरा बरंही वाटलं.

पहिली चिंधी आमच्या डाव्या हाताने मागे गेली. मी पाहिली. दुसरी गेली, तीही पाहिली. आता आम्ही शेजारच्या गव्हात होतो. मी स्वतःला म्हटलं, इतक्या वर्षांचा अनुभव आहे, काहीतरी ठरलं असेल, मी का सांगू? इतकी हट्टी मी आहे.

तेवढ्यात समोर, गव्हाच्या पलीकडे पाऊलवाटेवर, एक म्हातारी बाई छत्री उघडून आली. काळी, भलीमोठी छत्री. ती हात हलवत थेट गव्हात शिरली आणि आमच्या समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता हे थांबवतील. आता थांबवतील. मशीन थांबेना.

"थांबा!" मी किंचाळले.

ह्यांनी एका क्षणात सगळं बंद केलं. माझ्या आवाजावर, दुसरं काही न बघता. आणि मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "कुठाय? काय आहे?"

छत्री आमच्या समोर होती. बरीच लांब होती, पण अगदी समोर, उन्हात, काळी. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. हे त्या छत्रीकडे बघत होते आणि त्यांना ती दिसत नव्हती.

बुजगावणं, दाढीचा पट्टा, रंगीत मुठी, काट्यावरची बाई, सगळं एकदम येऊन उभं राहिलं.

बाई कटरला वळसा घालून केबिनखाली आल्या. "कोण चालवतं हे धूड? माझा बियाण्याचा गहू कापलात तुम्ही! वर्षाचं बियाणं होतं माझं!"

"मी," मी म्हटलं.

कसं निघालं तोंडातून, देवाला ठाऊक. आम्ही खाली उतरलो. वीतवाले धावत आले, पुतण्या आला, पाना आला. हे काहीतरी बोलायला गेले तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय दिला. "नवी आहे मी. शिकतेय. चिंध्या बघितल्या नाहीत. चूक माझी." आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येत नाही. मी बियाण्याबद्दल बोलले, माफी मागितली, बाईंच्या छत्रीची तारीफ केली, परत माफी मागितली.

बाईंनी माझं सगळं ऐकलं, पण बघत ह्यांच्याकडे होत्या. त्यांनी मुठीतली गव्हाची ओंबी, काही न बोलता, ह्यांच्यासमोर धरली. ह्यांनी ती घेतली नाही. हे ओंबीच्या बाजूने पलीकडे कुठेतरी बघत राहिले.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरला होता. "उरलेल्या गव्हात माझं बियाणं भागेल. उद्या तुम्ही तो कापून द्यायचा. मशीन आतून-बाहेरून झाडून आणा, दुसऱ्याचा एक दाणा माझ्यात मिसळायला नको. आणि बाईच चालवतील. मीच चालवते म्हणाल्यात ना? मग माझ्यासमोर चालवा." मग वीतवाल्यांकडे वळल्या, "साहेब, तुम्हीही या बघायला."

वीतवाल्यांनी मान हलवली. "नीट कापलंत तर राहिलेलं माझं काम तुमचंच. नाही तर दुसरी टोळी आहेच."

मी मनात मुठींचे रंग घोकायला लागले.

४ मे, संध्याकाळ

पाना मशीन उघडून झाडतोय. आम्ही दोघं बंगल्याच्या पायरीवर बसलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या हंगामापासून. आधी धुकं वाटायचं. मग ते धुकं जाईचना. मोतीबिंदू म्हणाला डॉक्टर. कापावं लागेल म्हणाला." मग म्हणाले, "डोळ्यात सुई. आणि मी जागा असताना."

इतकी वर्षं दुसऱ्यांचं पीक कापणारा माणूस स्वतः कापून घ्यायला घाबरतो. एरवी मी हसले असते. पण मला राग आला होता आणि तो मी गिळला नाही. "त्या बाई मशीनखाली गेल्या असत्या तर? सीट, सीट करता, त्या सीटवरून माणूस मेलं असतं तुमच्या हातून! आणि माझ्यासुद्धा, मी चिंध्या बघून गप्प बसले होते!"

ह्यांनी मान खाली घातली. "तू नसतीस तर थांबलो नसतो," इतकंच म्हणाले. मग खूप वेळाने, "उद्यापासून मी त्या सीटवर बसणार नाही. डोळे बरे होईपर्यंत नाही." हे म्हणताना ते मशीनकडे पाठ करून बसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं आणि मला फार वाईट वाटलं.

पण माझं अजून संपलं नव्हतं. "म्हणजे पिवळा रुमाल?"

"लांबून तेवढाच कळतो."

"उठून दिसतो म्हणालात ते?"

"मग खोटं कुठे होतं?"

"आणि मला आणलं ते डोळे म्हणून." मी रडायला लागले. "मला वाटलं... जाऊ दे. शेजारी कुणालाही बसवता आलं असतं की."

"गेल्या वर्षी पानाला बसवलं होतं," हे म्हणाले. "पुढे दगड होता. मी विचारलं, काही आहे का? तो म्हणाला, 'बघू.' पुढच्या क्षणी दगड कटरमध्ये."

मशीनखालून पाना खाकरला. मला रडता रडता हसू आलं आणि त्याचा मला आणखी राग आला.

"मग घरी बसून विचार केला," हे म्हणाले, "दिसेल ते सगळं सांगणारं, न विचारता सांगणारं, न थकता सांगणारं माणूस आणायचं कुठून. तेव्हा तू स्वयंपाकघरात बोलत होतीस. एकटीच. भाजीवाल्याचं काहीतरी." ह्यांनी माझा हात शोधला. आधी पायरीला लागला, मग सापडला. "आणलं डोळे म्हणूनच. पण पहिल्या दिवशी तू ते कुत्रं उठलं, परत बसलं, असं सांगत होतीस ना, तेव्हा मला वाटलं, हे सगळं रोज घरात चालू होतं आणि मी कापूस घालून अंगणात बसलो होतो. मूर्खच होतो मी."

पानाचं मशीन झाडून होईपर्यंत मी तो हात सोडला नाही.

५ मे

दव लवकर सुकलं. मला ते आज दिवसभर सुकू नये असं वाटत होतं.

पिशवीच्या तळातून पिवळा रुमाल काढून बांधला. हे माझ्याआधी केबिनमध्ये चढले. शेजारची सीट हाताने चाचपली आणि त्या छोट्या सीटवर गुडघे दुमडून बसले. मी मोठ्या सीटवर. खाली बाई छत्री घेऊन, वीतवाले हात मागे बांधून, आणि पुतण्या तोंडावर "आता साप बघा" असा भाव घेऊन उभे. पाना रस्त्याकडे बघत होता, बहुतेक पळायला.

पांढरी मूठ धरली तर हात घामाने सरकला.

"घाबरू नकोस," हे म्हणाले. "समोर लांबचं एक झाड धर. आहे ना? चाकाकडे बघू नकोस, त्या झाडाकडे बघ, मशीन आपोआप तिकडे जातं. त्या दिवशी तू चाकाकडे बघत होतीस म्हणून साप झाला. आता पांढरी, हळूच. अजून हळू. बघ, निघालं. आता आवाज ऐक. हा असा गुरगुरतोय तोवर सगळं ठीक. ऐकलंस? आता भरला आवाज, गहू दाट झाला असणार, जरा सावकाश. हां. आता मोकळा झाला. लाल किंचित वर घे, खडा लागल्यासारखा आवाज आला..."

हे बोलत राहिले. डोळे मिटून, मान कलती करून, मशीनचा आवाज ऐकत, एका दमात, न थांबता. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत हे एकूण जेवढं बोलले असतील त्याहून जास्त त्या एका शेतात बोलले. आणि मी गप्प होते, एक अक्षर नाही. कान मात्र पूर्ण उघडे. काय मजा असते एखाद्याचं ऐकत राहण्यात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटची रांग कोपऱ्याला टेकली. टाकीतला गहू बाईंच्या स्वच्छ ताडपत्रीवर ओतला. बाईंनी मूठभर उचलून ओंजळीत फिरवला आणि दुसऱ्या जातीचा दाणा शोधला. सापडला नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "माझेही दोन्ही डोळे असेच गेले होते. मी स्वतःच्या नवऱ्याला पाहुणा समजून पाणी विचारलं होतं. आता बघा, चिंध्यांच्या आत आलेलं मशीन घरातून दिसतं." आणि मला डॉक्टरांचा पत्ता दिला.

वीतवाले रांगेतून चालत गेले. तीन ठिकाणी वाकले, तीन ठिकाणी वीत लावली. परत येऊन म्हणाले, "उद्या माझ्याकडे दव सुकलं की या. चालक हेच दोघं." पुतण्या रांगेकडे बघत डोकं खाजवत होता. म्हणाला, "काकू, सरळ आलीये." त्याच्या तोंडून हे निघणं म्हणजे त्याला किती जड गेलं असेल ते मला कळलं, म्हणून मी त्याला साप वगैरे काही म्हटलं नाही. उद्या म्हणेन.

हंगाम उतरला की थेट दवाखान्यात. सुई टोचताना मी शेजारी बसून बोलत राहणार, अशी ह्यांची अट आहे. डॉक्टरांना ती मान्य असो वा नसो. डोळे बरे झाल्यावर मोठी सीट परत द्यायची का, हे मात्र माझं अजून ठरलेलं नाही. मला ती आवडायला लागली आहे.

सगळे जेवायला गेले तेव्हा आम्ही दोघं केबिनमध्येच होतो. मी मागे वळून कापलेल्या शेताकडे बघितलं आणि म्हटलं, "अहो, बघा ना, किती छान आलंय."

"मला कुठे दिसतंय?" हे म्हणाले. "तू सांग."

"भूक लागली नाही का? सगळे वाट बघताहेत."

ह्यांनी पाय लांब केले आणि छोट्या सीटवर मागे टेकून बसले. "बघू देत," म्हणाले. "सगळं सांग. घाई नाही."

मग मी त्या कडेच्या झाडापासून सुरुवात केली.